महाराजांचा चेहरा

गेल्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र पुस्तकांतून छापलं जात होतं आणि लोक ज्याला मनोभावे हात जोडत होते, ते महाराजांचं नव्हतं. निकोलाव मनुचीच्या ग्रंथातून घेतलेलं ते चित्र इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचं होतं. ही गोष्ट ठामपणे मांडली वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी. १९३३ साली पुण्यात त्यांनी महाराजांचं विश्वसनीय चित्र लोकांपुढे आणलं, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या मनातला महाराजांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

इब्राहिमखान मुसलमान होता म्हणून तो घोटाळा गंभीर, असं काही जण आजही सांगतात. मला ते पटत नाही. महाराजांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग होते, काझी हैदर त्यांचा फारसीचा पत्रव्यवहार पाहत होता. चूक धर्माची नव्हती, माणसाची होती. एका माणसाच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याचं नाव लागलं आणि पिढीभर कुणी विचारलं नाही की हे नाव इथं कुणी लिहिलं, कधी लिहिलं, आणि लिहिणाऱ्याला ते कुठून कळलं. बेंद्र्यांनी हे प्रश्न विचारले. त्यांचा ‘साधन-चिकित्सा’ हा ग्रंथ १९२८चा. ऐतिहासिक साधन हाती आलं की आधी त्याची उलटतपासणी करायची, मग त्यावर विश्वास ठेवायचा, ही त्यांची शिस्त. कागदाला लावायची ती कसोटी त्यांनी चित्रालाही लावली.

पण महाराजांचं चित्र आपल्याकडे, आपल्याच दप्तरांत का सापडू नये? उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा की महाराजांनी चित्रकार पदरी ठेवल्याचं दिसत नाही. स्वराज्याच्या अठरा कारखान्यांची यादी पाहा. खजिना, जवाहिरखाना, अंबारखाना, तोफखाना, दफ्तरखाना, नगारखाना, पीलखाना, उष्ट्रखाना, तालीमखाना, अगदी शरबतखानासुद्धा आहे. चित्रकारांचा कारखाना नाही. मोगल बादशहा स्वतःची, शहजाद्यांची, हत्तीघोड्यांची चित्रं काढवून घेत, त्यांचे संच बांधून ठेवत. डोंगरी किल्ल्यांवरून राज्य उभं करणाऱ्या माणसाला तेवढी उसंत नव्हती. दुसरा भाग नासधुशीचा. १६८९ साली रायगड मोगलांच्या ताब्यात गेला. तिथलं दप्तर उरलं असतं तर मराठ्यांच्या इतिहासातली कितीतरी कोडी सुटली असती.

आमच्या भंडाऱ्याकडची गोष्ट याहून वेगळी नाही. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. हे भोसले हिंगणीकर, साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्याहून शाखा वेगळी, पण राज्य मोठं. १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीनं राज्य खालसा केलं आणि भोसल्यांचं जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात निघालं. राजघराणं असं मोडलं की वस्तू एकीकडे जातात आणि त्यांची नावं दुसरीकडे राहतात. ज्या घरात आजोबांच्या चित्राखाली नाव लिहायची चाल नव्हती, त्या घरात तिसऱ्या पिढीला ते चित्र कुणाचं हे सांगता येत नाही. चित्र हरवण्याच्या कितीतरी आधी त्यातला माणूस हरवलेला असतो.

महाराजांची चित्रं वाचली ती परक्यांच्या हातून. ती आज अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

पॅरिसचं चित्र आधी घेतो, कारण तिथं चित्रकाराचं नाव माहीत आहे. मनुची हा व्हेनिसचा. पोरवयात घर सोडून हिंदुस्थानात आलेला, कधी दारा शुकोहच्या तोफखान्यात, कधी मिर्झाराजे जयसिंगांच्या चाकरीत, पुढे वैद्यकी करत शहजादा शाहआलमच्या पदरी. १६६५ साली पुरंदरच्या तहाच्या वेळी तो जयसिंगांच्या छावणीत होता. महाराज तिथं आले तेव्हा त्यानं त्यांना प्रत्यक्ष पाहिलं, त्यांच्याशी बोलला. पुढे शाहआलमच्या चाकरीत असताना मनुचीनं मीर मुहंमद नावाच्या चित्रकाराकडून बादशहा, शहजादे आणि दख्खनचे राजे यांच्या चित्रांचा एक संच करून घेतला. मीर मुहंमद शाहआलमच्याच पदरचा. या संचात महाराज घोड्यावर आहेत, भोवती पायदळाची माणसं चालताहेत. हा संच युरोपात गेला, व्हेनिसला राहिला आणि नेपोलियनच्या स्वारीत तिथून पॅरिसला पोचला. १९०७-०८ मध्ये विल्यम अर्विन या इंग्रज विद्वानानं मनुचीचा ग्रंथ इंग्रजीत चार खंडांत छापला, त्यात चित्रंही दिली, आणि हिंदुस्थानातल्या अभ्यासकांना ती सहज पाहायला मिळू लागली.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मीर मुहंमद हा मोगल शहजाद्याचा नोकर, म्हणजे महाराजांच्या शत्रूच्या गोटातला. त्याच्या चित्राला वजन आहे ते चित्र काढून घेणाऱ्यामुळे. मनुचीनं महाराजांना जवळून पाहिलं होतं. चेहरा साफच चुकला असता तर त्याच्या ध्यानात आल्याशिवाय राहिलं नसतं. मनुचीच्या गप्पा अतिशयोक्त असतात हे त्याचे वाचक जाणतात. पण चेहऱ्याच्या बाबतीत त्याला खोटं बोलून काही मिळवायचं नव्हतं. आणि योगायोग असा की इब्राहिमखानाचा घोटाळा झाला तोही याच मनुचीच्या ग्रंथातल्या चित्रावरून. महाराजांचं खरं चित्र आणि महाराजांच्या नावावर खपलेलं दुसऱ्याचं चित्र, दोन्ही एका माणसामुळे आपल्यापर्यंत आली. संचातली चित्रं सुटी पडली, छापताना खालची नावं गळली किंवा सरकली, की असं होतं.

आता हॉलंडकडे वळू, कारण बेंद्र्यांनी पुढे आणलेलं चित्र डच वाटेनं आलं. फ्रांस्वा व्हॅलेंटाइन या डच लेखकानं १७२४ ते १७२६ या काळात पूर्वेकडच्या डच व्यापाराचा आणि तिथल्या देशांचा एक अवाढव्य ग्रंथ छापला. त्यात मोगल बादशहांच्या हकिकती आहेत आणि महाराजांचं छापचित्रही आहे. आपल्याकडे या व्हॅलेंटाइनबद्दल एक कथा रूढ झाली. तो सुरतेचा डच गव्हर्नर होता, सुरतेच्या स्वारीच्या वेळी तो महाराजांना भेटला आणि त्यानं महाराजांना समोर बसवून चित्र काढवून घेतलं, अशी ती कथा. भाषणांतून, शाळेच्या भित्तिपत्रकांतून ती अजून ऐकू येते. ती खरी असती तर मलाही आनंद झाला असता. पण व्हॅलेंटाइनचा जन्म १६६६चा, डॉर्ड्रेख्ट गावचा. महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ची, म्हणजे तो जन्मायच्या दोन वर्षं आधीची. दुसऱ्या स्वारीच्या वेळी, १६७० साली, तो चार वर्षांचा. महाराज ३ एप्रिल १६८० रोजी गेले तेव्हा तो चौदा वर्षांचाही झाला नव्हता, आणि हॉलंडातच होता. तो पूर्वेला पहिल्यांदा आला १६८६च्या सुमाराला, तोही आंबोनला पाद्री म्हणून. गव्हर्नर तो कधीच नव्हता.

मग त्याचं चित्र खोटं का? मुळीच नाही. कथा खोटी निघाली म्हणून चित्र टाकून द्यायचं, ही घाईसुद्धा तितकीच वाईट. व्हॅलेंटाइनच्या खोदकारापुढे कुठलंतरी हिंदुस्थानी लघुचित्र होतं हे छापचित्र पाहूनच कळतं. तशी लघुचित्रं तेव्हा हॉलंडमध्ये होतीच. अॅम्स्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास वित्सेन याच्याकडे अशा चित्रांचा एक संच होता. हिंदुस्थानी राजे, शहजादे, सरदार यांची एकोणपन्नास चित्रं त्यात आहेत, आणि त्यातलं एक महाराजांचं. हाच संच आज राइक्सम्युझियममध्ये आहे. ब्रिटिश म्युझियममधलं महाराजांचं चित्रही त्याच घराण्यातलं. या दोन्ही चित्रांची घडण गोवळकोंड्याची आहे. रंगांचा पोत, पार्श्वभूमी मोकळी ठेवण्याची रीत, दागिन्यांवरची बारीक सोनेरी कारागिरी पाहिली की दख्खनी हात ओळखू येतो. हे काम साधारण १६८०च्या आसपासचं.

गोवळकोंडा म्हटलं की १६७७ साल आठवतं. कर्नाटकच्या मोहिमेला निघालेले महाराज वाटेत भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, गोवळकोंड्याच्या अबुल हसन कुतुबशहाला भेटले. कुतुबशहाचे कारभारी मादण्णा आणि आकण्णा यांनी ती भेट जमवून आणली होती. बखरकार सभासदानं या प्रवेशाचं वर्णन मोठ्या प्रेमानं केलं आहे. शहर शृंगारलेलं, लोक दुतर्फा उभे, बायका आरत्या ओवाळताहेत, सोन्यारुप्याची फुलं उधळली जाताहेत. महाराजांचा मुक्काम तिथं काही दिवस होता. त्याच शहरात, त्याच काळात, चित्रकार डच, इंग्रज आणि फ्रेंच व्यापाऱ्यांसाठी राजेरजवाड्यांच्या चित्रांचे संच तयार करत होते. युरोपात परत जाणारा व्यापारी हिऱ्यांबरोबर हे संचही नेई. ज्या राजाच्या नावानं सुरतेच्या वखारींची झोप उडाली, त्याचं चित्र अशा संचात नसतं तरच नवल. त्या चित्रकारांपैकी कुणीतरी महाराजांना भागानगरच्या रस्त्यावर पाहिलं असावं असं मला वाटतं. कागदावर सही नाही, म्हणून हा अंदाजच आहे. पण काळ, ठिकाण आणि चित्रांची शैली या तिन्ही गोष्टी एकाच शहराकडे बोट दाखवतात, आणि इतकी जुळणी फुकटची होत नाही.

सही नसलेल्या चित्रात माणूस ओळखायचा कसा? नुसतं नाक-डोळे पाहून नव्हे. त्या काळातली बहुतेक चित्रं एकचश्मी, म्हणजे एका बाजूनं काढलेली. नाक धारदार, दाढी टोकदार, पागोट्याला तुरा, कमरेला कट्यार, असे शंभर सरदार सापडतील. म्हणून जाणकार आधी कपडे पाहतात. मोगल काळात जाम्याचे बंद हिंदू डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या बाजूला. काखेखालची ती गाठ चित्रात दिसत असेल तर तिच्यावरून चित्रातल्या माणसाबद्दल नक्की काहीतरी कळतं. पण छापचित्रात हा पुरावाही फसवा होऊ शकतो. खोदकार तांब्याच्या पत्र्यावर चित्र जसं समोर आहे तसं कोरतो, पत्र्याला शाई लावून कागद दाबतो, आणि कागदावर उमटतं ते उलटं. उजवीकडे पाहणारा राजा डावीकडे पाहू लागतो, उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जाते, डाव्या काखेची गाठ उजवीकडे येते. मूळ लघुचित्र हाताशी नसताना केवळ छापचित्रावरून तर्क लढवणाऱ्यांची अशानं पंचाईत होते.

त्यानंतर चित्रावरचा मजकूर. युरोपीय संग्राहकांनी चित्रावर किंवा मागच्या बाजूला आपल्या भाषेत नाव लिहून ठेवलं. महाराजांचं नाव डच आणि इंग्रज कागदांत नाना तऱ्हांनी येतं, पण ओळखू येतं. असं नाव एका चित्रावर असलं तर शंका घेता येते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन देशांतल्या संग्रहांत, एकाच चेहऱ्यावर, एकाच काळात तेच नाव आलं, तर शंकेला जागा फार थोडी उरते. महाराजांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. मीर मुहंमदचं मोगली हाताचं चित्र आणि गोवळकोंड्याची दख्खनी चित्रं यांची शैली वेगळी, चित्रकार वेगळे, विकत घेणारे वेगळे. तरी चेहरा एकच आहे.

आणि शेवटची साक्ष शब्दांची. महाराजांना ज्यांनी पाहिलं, किंवा पाहिलेल्यांकडून ऐकलं, त्यांनी लिहून ठेवलं आहे. सुरतेच्या पहिल्या स्वारीनंतर लगेच, जानेवारी १६६४ मध्येच, तिथला इंग्रज पाद्री एस्केलियट यानं विलायतेतल्या सर थॉमस ब्राउन यांना पत्र धाडलं. त्यात प्रत्यक्षदर्शींच्या तोंडून ऐकलेलं वर्णन आहे: उंची बेताची, बांधा ताठ आणि रेखीव, नजर भेदक, आणि बोलताना हसत असल्यासारखा चेहरा. वर्ण आपल्या माणसांपेक्षा उजळ, असंही तो म्हणतो. फ्रेंच प्रवासी तेव्हनो जानेवारी १६६६मध्ये सुरतेत होता. त्यानंही लहानखुरी चण आणि तेजस्वी डोळे सांगितले, पण रंग मात्र त्याला सावळा वाटला. तिसरा साक्षीदार आपल्याच देशातला. महाराज आग्र्याला गेले त्या वर्षी, १६६६ साली, आमेरच्या चाकरीतला परकालदास आग्र्याहून आमेरला पत्रं धाडत होता. राजस्थानी भाषेतल्या त्या पत्रांत तो लिहितो की महाराज दिसायला बारीक, ठेंगणे, वर्ण मात्र विलक्षण गोरा, दाढी राखलेली, आणि कुणी न सांगताही कळावं की हा माणूस राज्य करणारा आहे.

रंगाबद्दल या तिघांचं एकमत नाही म्हणून काही जण या वर्णनांना नाकं मुरडतात. मला उलट ती त्यामुळेच खरी वाटतात. एस्केलियट महाराजांची तुलना त्यांच्या बरोबरच्या मावळ्यांशी करतो, तेव्हनोच्या मनात फ्रान्समधली माणसं असणार, आणि परकालदासाच्या डोळ्यांसमोर आग्र्याच्या दरबारातले उमराव आहेत. प्रत्येकाचं माप वेगळं. जिथं मापाचा प्रश्न नाही तिथं मात्र कुणी कुणाला खोडत नाही: बेताची चण, चमकदार डोळे, दाढी. आणि ते हसू. आता राइक्सम्युझियमचं चित्र पुन्हा पाहा. ओठांच्या कोपऱ्यात जे हलकं स्मित आहे ते राजेरजवाड्यांच्या चित्रांत सहसा दिसत नाही. त्या चित्रांतले लोक गंभीर, निर्विकार, दरबारी तोंड करून बसलेले असतात. इथं एक राजा हसतो आहे. सुरतेहून पाद्र्यानं लिहिलेल्या पत्राची गोवळकोंड्याच्या चित्रकाराला कल्पना असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तरी दोघांनी एकच गोष्ट टिपली.

बेंद्र्यांनी चित्र पुढे आणलं तेव्हा लोकांच्या मनात दुसरीच प्रतिमा पक्की बसलेली होती. रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेली रंगीत चित्रं घरोघरी होती. पुण्यात १९२८ साली विनायकराव करमरकरांनी घडवलेला महाराजांचा घोड्यावरचा प्रचंड पुतळा उभा राहिला होता. ही सगळी कामं भक्तीची आहेत, आणि करमरकरांचा पुतळा तर शिल्पकलेचाही मोठा नमुना आहे. पण ज्यानं महाराजांना पाहिलं त्याच्या हातची ती नव्हेत. पुढे कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी काढलेलं महाराजांचं चित्र महाराष्ट्र शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलं. भंडाऱ्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेपासून मंत्रालयापर्यंत भिंतीवर दिसतात ते बहुधा हेच महाराज. कांबळे सिनेमाची भित्तिपत्रकं रंगवणारे कसलेले हात, माणसाच्या मुद्रेतलं तेज कसं आणायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. सतराव्या शतकातल्या लघुचित्रातली टोकदार दाढी आणि सरळ नाक या चित्रातही आहे.

बेंद्रे स्वतः १९३३च्या चित्रापाशी थांबले नाहीत. १९३८ साली मुंबई सरकारनं त्यांना संशोधनासाठी इंग्लंडला पाठवलं. संभाजी महाराजांबद्दल बखरींनी उभी केलेली बदनामीही त्यांना अशीच खुपत होती. चित्राखाली चुकीचं नाव लागावं तसं एका माणसाच्या आयुष्याखाली चुकीचं वर्णन लागलं होतं. अस्सल कागद जमवायला त्यांनी जवळपास चाळीस वर्षं घातली आणि संभाजी महाराजांचं चरित्र १९६० साली छापून बाहेर आलं. शिवचरित्राचे दोन खंड त्याच्याही नंतर, १९७२ साली निघाले. तेव्हा बेंद्र्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे होतं.